मंगळवारची लाईन

बोईसर,
२१ ऑक्टोबर २०२४

लाडक्या दीपूस,

तुला आणि घरच्या सगळ्यांना बोईसरहून भरभरून आठवण. काकींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या वर्गातल्या पोरींनी तालुक्याची कबड्डी मारली का? पत्र पोचायला पाच-सहा दिवस लागतील, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर तुझ्या हातात पडेल. तुझ्या आश्रमशाळेवर अजून रेंज नाही, त्यामुळे मला हाताने लिहायला लावणारी जगात तू एकटीच उरलीस. सॉफ्टवेअर विकणारी बाई पोस्टाची पाकिटं चिकटवत बसते म्हणून ऑफिसात सगळे हसतात. हसू देत.

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. सहामाही परीक्षा असतील, असं मी धरून चालले आहे.

आता बातम्या. बेटेगावचा वेल्डिंगवाल्यामागचा गाळा आम्ही सोडला. बोईसरला मोठी जागा घेतली, दोन मजली, पुढे काचा. जूनमध्ये अकरा एजन्सी ‘फेरी’ वापरत होत्या, आज दोनशे चाळीस वापरतात. साबण, बिस्किटं, चहापत्ती विकणारा माणूस सकाळी गाडीला किक मारतो आणि आपल्या फोनवर फेरी उघडून पहिल्या दुकानाची ऑर्डर टिपतो, हे आता थेट गुजरातपर्यंत चाललं आहे. ऑगस्टमध्ये मुंबईला एका मोठ्या कंपनीपुढे आम्ही फेरी दाखवली आणि तिथून वाराच फिरला. मी आणि माझा भागीदार अनुज, आम्ही सहा नवे प्रोग्रामर घेतले. पप्पा रविवारी ऑफिस बघायला आले. अठ्ठावीस वर्षं केमिकल कंपनीत काढलेला माणूस, ऐकायला कमी येतं, पण खुर्ची मागेपुढे करून बघितली आणि म्हणाले, “सांगलीकडनं रिकाम्या हातानं आलो होतो पोरी.” एवढंच. मला रडू आलं.

त्यांनी आल्या आल्या विचारलं, काकांचा फोटो कुठाय? तुझ्या बाबांचा तो मोटरसायकलवरचा, पहिल्या पत्रकावर छापलेला. रंगकाम चाललंय, म्हणून उतरवून ठेवला आहे.

दीपू, मी काही विसरलेले नाही. काकांच्या मागे बसून आठ दिवस हिंडले नसते तर फेरी जन्मालाच आली नसती. मंगळवारची त्यांची लाईन, चिल्हार फाट्यापासून मनोर, तिथून आत पाड्यापाड्यांवरची एकोणपन्नास दुकानं. कुठल्या दुकानात चहा घ्यायचा, कुठे नाही म्हणायचं, कुठल्या बाईचा नवरा घरात असला की ऑर्डर अर्धी होते, सगळं तोंडपाठ. पाचव्या दिवशी ते म्हणाले होते, “मालक बोलतो, तू गेलाच नाय. मी गेलो त्याला साक्षीदार कोन? असं काय तरी बनव पोरी, का फोनच साक्ष देल.” दुकानातून निघताना दाबायची ती दोन बटणंही त्यांनीच सांगितली. हिरवं, ‘भेट झाली’. लाल, ‘भेट झाली नाही’. अनुज इंग्रजी शब्द टाकत होता. काका म्हणाले, “मराठीत टाक, बोलल्यासारखं.”

मी कॉलेजच्या व्यासपीठावरून जे ओरडून सांगायचे, की ज्याचं काम दिसत नाही त्याला किंमत मिळत नाही, ते काका एका वाक्यात सांगून मोकळे झाले. तू पहिल्या रांगेत बसायचीस, घड्याळ घेऊन. माझा आवाज खोटा व्हायला लागला की कानाच्या पाळीला हात लावायचीस. पालघरच्या वक्तृत्व स्पर्धेतल्या त्या तीन ढाली निम्म्या तुझ्या आहेत.

काकांचं ठीक चाललं असेल. चिरागभाईंच्या एजन्सीत काही बदल झाले असं कानावर आलं. त्या बाजूचं हल्ली आमची टीम बघते, मला तपशील नसतो.

तू इकडे ये ना. सेल्समनना फेरी शिकवायला माझ्याकडे तुझ्यासारखी बाई नाही. फराळाचा डबा एसटीने पाठवते आहे. बेसनाचे लाडू आईने केलेत, चकल्या मी, म्हणून मोडल्या आहेत.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी वर्षा


बोईसर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपिका,

तुझं पत्र मिळालं. पाच महिन्यांनी एक ओळ: “बाबांनी ऑफिसात कागद दिला तो वाचलास का?” वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. डबा तर न उघडता परत आला होता. ठीक आहे.

काका आले त्या दिवशी मी बाहेर होते. रिसेप्शनवरच्या हेमालीने कागद घेऊन पोच दिली, असं ती सांगते. कामाच्या गर्दीत वाचायचा राहिला. वाचेन.

तू रागावली आहेस हे मला कळतं. पण मीही गप्प बसणारी नाही. काकांना कामावरून चिरागभाईंनी काढलं, मी नाही. मुंबईच्या त्या सभेत मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. फेरीत सेल्समनच्या नावापुढे सगळ्या एजन्सींना दिसणारा जो लाल शेरा येतो, ‘भेटी अविश्वसनीय’, तो माणूस देत नाही, यंत्र देतं. आणि यंत्राला काका-मामा नसतात, म्हणूनच तर आपण ते बनवलं! आजवर मालकाचा पुतण्या घरी झोपून पगार घ्यायचा आणि उन्हात हिंडणारा चोर ठरायचा. हे बंद करायला निघालो ना आपण? मग नियम सगळ्यांना एक. ओळखीच्या माणसासाठी आज शेरा पुसला, तर उद्या सहाशे चाळीस एजन्सींना मी काय तोंड दाखवू? न्याय घरच्यांपाशी येऊन थांबत असेल तर तो न्याय नव्हे, ती सवलत आहे!

दुसरं, शेरा आहे म्हणून कुठलीच एजन्सी त्यांना घेत नाही, हे तू कुणाकडून तरी कळवलंस. मी काय करू? एजन्सी कुणाला घेतात ते माझ्या हातात नाही. इथे गोदामात बसून करायचं काम मी त्यांना देऊ शकते. विचार त्यांना.

काकींना नमस्कार.

वर्षाराणी


बोईसर,
मंगळवार, १३ मे २०२५

दीपिका,

सकाळचे साडेनऊ वाजलेत. हे पत्र संपेपर्यंत मी फोन उचलणार नाही.

मागच्या महिन्यात पप्पा काकांच्या दिवसकार्याला तुमच्या पाड्यावर येऊन गेले. मीही निघाले होते. तुमच्या पाड्याच्या अलीकडे चढावर जी नाल्यावरची मोरी आहे, तिथपर्यंत आले आणि रिक्षा परत फिरवली. पप्पा पुढे चालत गेले. परत आल्यावर त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि मला सांगितलं की काका भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले होते. बावीस वर्षं इस्त्रीचा शर्ट खोचून गाडी चालवलेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षी काकींबरोबर विटा थापत होता. दुपारच्या वेळी छातीत कळ आली आणि विटांच्या थप्पीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. मग तुझा निरोप सांगितला: “वर्षाला सांगा, बाबा खोटं बोलणारा नव्हता, एवढं लिहून द्यायला सांगा. दुसरं काय नको.”

मी पप्पांना म्हटलं, देते. ते म्हणाले, “मोठ्यानं बोल.” मला मोठ्यानं बोलता आलं नाही.

तोवर काकांचा कागद मी उघडलाही नव्हता. तो माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होता. दुसऱ्या दिवशी काढला. सात फुलस्केप पानं, टाचणीने जोडलेली. काकांचं ते ठसठशीत अक्षर. दुकानाचं नाव, पाडा, आणि पुढे ‘नवशा दर मंगळवारी आमच्या दुकानात येत होता’. त्याखाली शिक्का. ज्यांच्याकडे शिक्का नाही त्यांची सही, सही येत नाही त्यांचा अंगठा. एकोणपन्नास. मोटरसायकल एजन्सीची होती, ती परत घेतलेली. म्हणजे ही सगळी दुकानं त्यांनी एसटीने आणि पायी केली.

गेल्या मंगळवारी ती पानं घेऊन मी त्यांच्या लाईनवर गेले. एसटीने आणि पायी. संध्याकाळपर्यंत माझी अकरा दुकानं झाली. नववं भागीमावशीचं. तिने मला ओळखलं नाही. हातातली पानं मात्र ओळखली.

“आता परत आंगठा पायजे का?” म्हणाली. “तो नवशा घेऊन गेला ना कवाच.”

“नको मावशी. बघायला आलेय.”

“बघतेस काय? माझाच हाय तो, हा बघ, वाकडा. मी त्याला बोलली, बावीस वरसं येतोस, तुला माझा आंगठा कशाला? तर हसला. बोलला, भागी, फोन मला वळखत नाय, तू तर वळखतेस ना.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तू कंपनीची काय? मंग त्याला घ्या परत कामाला. नवा पोरगा येतो तो गाडीवरनं उतरत पन नाय.”

तिला कळलेलं नव्हतं, दीपू. तिच्या पाड्यापर्यंत बातमी गेलेली नव्हती. मी सांगितलं. ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि तराजू पुसत बसली.

परत येताना मी त्या मोरीवर बसले. फोन खिशात होता, दिवसभर मुका. मोरीवर चढल्याबरोबर थरथरायला लागला. सकाळपासूनचे अनुजचे एकवीस मेसेज एकदम आले. सगळ्यांवर वेळ वेगवेगळी, पण मला मिळाले एकाच जागी. काकांचं नेमकं हेच झालं होतं.

तुला हे माहीत आहे, तरी लिहायला हवं, कारण हे पत्र तुला कुणालाही दाखवता यावं अशी माझी इच्छा आहे. त्या पाड्यांवर रेंज नाही. काका दुकानात बसून फोनमध्ये ऑर्डर टिपायचे, आणि संध्याकाळी मोरीवर येऊन एकदम पाठवायचे. दुसरा उपायच नव्हता. फेरी मात्र दुकानाची जागा टिपत नव्हती, पाठवल्याची जागा टिपत होती. म्हणून नकाशावर दिसायचं की हा माणूस एका मोरीवर बसतो आणि तिथूनच सगळ्या दुकानांपुढे ‘भेट झाली’ दाबतो. चूक आमची होती.

आता जे आजवर लिहिलं नाही ते.

मला हे माहीत होतं.

मुंबईच्या सभेच्या बारा दिवस आधी काकांनी मला फोन केला होता, मनोरच्या स्टँडवरून. “पोरी, तुझी फेरी मला खोटा ठरवते. मोरीवर चढल्याबिगर रेंज नाय. काय तरी कर.” मी म्हटलं, आठवड्याभरात करते काका. अनुजला सांगितलं. तो म्हणाला, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील. मी म्हटलं, आपल्याकडे बाराच दिवस आहेत. मग आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

सभेत मला खोटी भेट पकडून दाखवायची होती. सगळे नकाशे चाळले. एकही काकांच्या नकाशाइतका ठळक नव्हता. मी तो पडद्यावर लावला आणि म्हणाले, “हे गृहस्थ एका पुलावर बसून एकोणपन्नास दुकानं करतात!” सगळं सभागृह हसलं. नाव मी घेतलं नव्हतं, हे खरं. पण ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, आणि चिरागभाई माझ्या निमंत्रणावरून तिसऱ्या रांगेत बसले होते. जिथे फोनच लागत नाही तिथल्या ऑर्डरी हा माणूस न जाता कशा घेतो, असं त्या खोलीत एकानेही विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं, म्हणून मीही विचारलं नाही. पहिल्या रांगेत कानाला हात लावणारं कुणी नव्हतं. टाळ्या खूप पडल्या. फेरी त्या टाळ्यांवर वाढली. सातशे एजन्सी, चार राज्यं, हे काचेचं ऑफिस.

दुरुस्ती आम्ही सप्टेंबरात केली, गुपचूप. त्यानंतर कुठल्याही सेल्समनवर असा शेरा आला नाही. काकांचा मात्र तसाच ठेवला, कारण तो पुसला असता तर का पुसला ते सांगावं लागलं असतं.

आणि मी तुला पत्रं का लिहीत होते, दीपू? तुमच्याकडे रेंज नाही म्हणून! आधीच्या पत्रांत मी स्वतःच्या हाताने ते लिहिलं आहे. ऑक्टोबरचं पत्र तुझ्याकडे असेल तर जपून ठेव. मला माहीत नव्हतं असं मी उद्या म्हणाले, तर तेच पुढे कर.

फेब्रुवारीत मी तुला न्यायावर भाषण दिलं. आज वाचलं तर मलाच माझी शिसारी येईल. त्या पत्रातली उद्गारचिन्हं मोजलीस तर तुला कळेल, मी कुठे कुठे खोटं बोलत होते.

मुंबईची ती कंपनी आता फेरी विकत घेते आहे. आज अकराला सह्या आहेत. सगळ्या नोंदी बिनचूक असल्याची हमी मी त्या कागदावर द्यायची आहे. काल अनुजला सांगितलं की मी आधी सगळ्यांना काकांबद्दल कळवणार.

“सह्या झाल्यावर लिही ना, काय लिहायचं ते,” तो म्हणाला.

“मग फेरी माझी नसेल. मला लिहू देणार नाहीत.”

“खाली बासष्ट जण बसलेत, वर्षा.”

“मला माहीत आहे. एकेकाला मीच घेतलंय.”

“एका गेलेल्या माणसासाठी?”

मी म्हटलं, “तो असताना केलं नाही म्हणून.” तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, “तीन आठवडे लागतील एवढंच मी बोललो होतो. थांबू या, असं बोललो नाही.” आणि शेरा पुसायची जी कळ फक्त त्याच्याकडे असते, ती त्याने मला दिली. त्याच्यावर राग धरू नकोस.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सातशे एजन्सींच्या फोनवर हे गेलं आहे: “बोईसरचे सेल्समन नवशा यांच्या नावापुढचा शेरा खोटा होता. त्यांची प्रत्येक भेट खरी होती. चूक फेरीची होती आणि ती मला आधीपासून ठाऊक होती. वर्षाराणी.” पोच यायला लागली आहे. चिरागभाईंचा फोन तीनदा वाजून गेला, मुंबईचा चालूच आहे. सह्या बहुधा होणार नाहीत. बासष्ट जणांचं काय होईल ते मला आज सांगता येत नाही, आणि त्यांच्यापुढे अकरा वाजता मला उभं राहायचं आहे. त्यांच्यासाठी माझ्याकडे भाषण नाही.

तू मागितलेलं लिहून दिलं. वेगळ्या कागदावर सही-शिक्क्यासह जोडलं आहे. काकांची सात पानं मूळची परत पाठवते, ती तुमची आहेत. त्यांचा फोटो मी भिंतीवर परत लावलेला नाही. तो अधिकार आमच्याकडे राहिलेला नाही, म्हणून तोही पाठवते आहे. काकींना विचार, ठेवायचा की नाही.

एक गोष्ट उरते. ती सातशे जणांना सांगितलेली नाही, कारण ती त्यांची नाही, तुझी आहे.

काका कागद घेऊन आले त्या दिवशी मी बाहेर नव्हते. माझ्या खोलीच्या, बाहेरून आत न दिसणाऱ्या काचेतून ते दिसत होते. निळा शर्ट, खोचलेला. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती पानं. समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता ती जागा चौकोनी पांढरी राहिली होती, ते तिच्याकडे बघत बसले होते. हेमाली दोनदा आत आली, “मॅडम, ते नवशाकाका थांबलेत,” म्हणाली. मी दोन्ही वेळा फोन कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं, प्याले, पेला स्वतः विसळून ठेवला. तीन वाजता एसटीची वेळ झाली म्हणून उठले आणि काचेकडे बघून, मी दिसत नसताना, हात जोडले.

मी माफी मागत नाही. ती द्यायची की नाही याचा भार तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही. फक्त एक नोंद राहिली आहे, ती फेरीत करतात तशी करते, त्यांनीच सांगितलेल्या शब्दांत.

मंगळवार, २१ जानेवारी २०२५. बोईसर ऑफिस. सकाळी अकरा ते दुपारी तीन.
नवशाकाका आले होते.
मी आत होते.
भेट झाली नाही.

वर्षाराणी